झाडावर उघडलेली अकी

सुधीर गेल्याचं मला व्हॉट्सॲपवर कळलं, तेही मंडळाच्या ग्रुपवर आणि तीन दिवसांनी. आता राहतो त्या कॅरीतल्या घरी सकाळचा चहा घेत मी फोन हातात घेतला, तर दक्षिण फ्लोरिडातल्या आमच्या जुन्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या स्टिकर्सची रांग लागलेली. वर सरकवत नेलं तेव्हा कुठे नाव सापडलं... सुधीर माळेगावकर. हृदयविकाराचा झटका, राहत्या घरी. खाली एकाने 'अत्यंत मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व' असं लिहिलं होतं आणि दुसऱ्याने तेच उचलून पुन्हा चिकटवलं होतं. स्टिकर्स संपतात न संपतात तोच कोणीतरी कोजागिरीच्या पॉटलकची यादी टाकून कोण काय आणणार म्हणून विचारलं होतं. मला संताप आला. चार वर्षांत ज्यांनी त्या घराकडे वळून पाहिलं नाही, त्यांना आज तो मनमिळाऊ वाटावा? रागाच्या भरात मी एक लांबलचक मेसेज टाइप केला, आणि तो पाठवायच्या आधी लक्षात आलं की मीही त्यांच्यातलीच. चार वर्षांत मीसुद्धा त्याला फोन केला नव्हता. मेसेज पुसून टाकला.

हा लेख छापायला देण्याआधी त्याच्या बायकोला, सुनंदाला, मी फोनवर अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवला आहे. तिने दोन दुरुस्त्या सांगितल्या, त्या केल्या. हे मुद्दाम सांगते, कारण सुधीरवर मी पूर्वी एकदा लिहिलं होतं आणि तेव्हा कोणालाही विचारलं नव्हतं.

आम्ही दक्षिण फ्लोरिडातल्या मिरामारला राहायला गेलो तेव्हा त्याचं घर आमच्यापासून चार घरं सोडून होतं. तो शहराच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होता. अंगाने किरकोळ, शर्टाच्या खिशात कायम एक मार्कर, आणि मराठी इतकी घोटीव की तो पुण्याचा असावा असं मी परस्पर ठरवून टाकलं. तो नागपूरचा निघाला. मी पहिल्या भेटीपासून त्याला 'अरे सुधीर' म्हणायला लागले आणि त्याने मला 'नीलाताई, तुम्ही' केलं. ही वाटणी वयाने झाली असं मी धरून चालले होते. वय मात्र मी त्याला कधी विचारलं नाही.

त्याच्या परसात एक मोठं झाड होतं. गर्द पानांचं, आणि त्यावर पेरूएवढी लालभडक फळं लटकलेली. घर विकत घेतलं तेव्हा ते झाड कशाचं हे त्यालाही ठाऊक नव्हतं. शोभेचं असेल आणि पाला फार पडतो, म्हणून तो ते तोडून टाकायच्या बेतात होता. मग शेजारच्या मिस व्हर्ना कुंपणापाशी आल्या. जमैकाच्या, तेव्हाच सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर नर्सचं काम केलेल्या बाई. त्यांनी त्याला सांगितलं की हे झाड तोडलंस तर या गल्लीत तुझ्याशी कोणी बोलणार नाही. ते अकीचं झाड होतं. अकी हे जमैकाचं राष्ट्रीय फळ. तिकडे म्हणे दर घराच्या अंगणात एक तरी असतं, आणि रविवारची न्याहारी म्हणजे अकी आणि खारवलेला मासा. इथे अमेरिकेत ती डब्यात मिळते. ताजी, झाडावरची मिळायची तर कोणाच्या तरी परसातच.

या फळाची एक अट आहे. ते बंद असेपर्यंत विष असतं. नुसतं कच्चं, आंबट, पोटात दुखेल असं नाही, तर माणूस दगावेल असं. पिकलं की ते झाडावरच, खालच्या टोकाकडून तीन पाकळ्यांत उकलतं आणि आतून तीन काळ्याभोर, चकचकीत बिया बाहेर बघायला लागतात. प्रत्येक बी पिवळ्या, लोण्यासारख्या गरात बसलेली. तो गर तेवढा खायचा. बी टाकायची, गरातली लालसर शीर काढायची, उकळून पाणी ओतून द्यायचं. बंद फळ काठीने पाडायचं नाही, बोटाने उकलून बघायचं नाही, आणि बंदच खाली पडलं तर सरळ कचऱ्यात. जमैकात पोरांना चालता येण्याआधी हे कळतं, असं मिस व्हर्ना म्हणायच्या. जांभई दिली का त्याने, असं त्या विचारायच्या. जांभई दिल्याशिवाय हात लावायचा नाही.

मला हे सगळं कळायच्या आधीची गोष्ट. सुधीर आणि सुनंदा घरी नव्हते, मी त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायची ड्यूटी करायला गेले होते, आणि ती लालचुटुक फळं बघून मला राहवेना. हाताला येणारी पाच-सहा बंद फळं मी तोडली आणि घरी नेऊन, आपण चिकू पिकत घालतो तशी, तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. दुसऱ्या दिवशी फोनवर मोठ्या कौतुकाने त्याला सांगितलं. पलीकडून तो ओरडलाच. मी त्याला ओरडताना ऐकलेलं तेवढं एकदाच. "हात नका लावू, ताई. डब्बाच बाहेर ठेवा. म्या आलोच." ते 'म्या' त्याच्या तोंडातून निसटलं आणि त्याच्या घोटीव मराठीखाली दुसरी एक मराठी आहे हे मला पहिल्यांदा कळलं. संध्याकाळी तो आला तो हातमोजे घालूनच. फळं नेली, तांदूळही नेला. मी म्हटलं, अरे तांदळाने काय केलंय, आणि फळं डब्यात पिकली नसती का? तो म्हणाला, हे पिकवलेलं चालत नाही, हे पिकावं लागतं. दुसऱ्या दिवशी त्याने मला बासमतीची नवी पिशवी आणून दिली आणि वरून पुढे कित्येक वर्षं त्या डब्यावरून चिडवलं.

त्यानंतरची दहा-अकरा वर्षं... माझ्या अमेरिकेतल्या आयुष्यातली ती चांगली वर्षं होती. झाडाला वर्षातून दोनदा बहर यायचा आणि रविवारी सकाळी त्याच्या परसात आमची बैठक बसायची. मिस व्हर्ना खारवलेला मासा आणायच्या. पहिल्यांदा त्या वासाने मी नाक मुरडलं आणि सुधीर मात्र डोळे मिटून म्हणाला, आईच्या चुलीचा वास आला. सुनंदा तीच अकी कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची घालून परतायची आणि ती हुबेहूब अंडाभुर्जीसारखी दिसायची. मध्येच रस्त्यावर एखादी गाडी थांबायची, अनोळखी जमैकन माणूस उतरायचा आणि टोपी काढून, झाडाकडे बघत, थोडी मिळेल का विचारायचा. एक म्हातारा तर पाकळी हातात घेऊन रडायलाच लागला होता. सुधीरने कधी कोणाला रिकाम्या हाताने पाठवलं नाही. उरलेली तो साफ करून, उकडून, पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि खिशातल्या मार्करने प्रत्येकीवर लिहायचा. तारीख, कोणासाठी, आणि खाली 'झाडावर उघडलेली. खायला हरकत नाही.' आम्ही हसायचो. प्रयोगशाळेत जन्म काढला की माणूस बायकोच्या डब्यावरही रिपोर्ट लिहितो, असं मी म्हणायचे.

एकदा त्याने मला सांगितलं, हे फळ मुळात जमैकाचं नाहीच. आफ्रिकेतून गुलामांची जहाजं आली त्यांच्याबरोबर आलं. "ज्यांना साखळ्या घालून आणलं त्यांचं खाणं ते," तो म्हणाला, "आणि आज देशाचं फळ आहे. मिस व्हर्ना ते किती ताठ मानेने वाढतात, बघा तुम्ही." मी मान डोलावली. तो काय बोलतोय ते मला कळायला आणखी काही वर्षं जायची होती.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत पितळेची बुद्धमूर्ती होती. अमेरिकेत बुद्ध कोणाच्याही घरात असतो, योगा करणाऱ्यांकडे असतो, दातांच्या डॉक्टरकडे असतो, त्यामुळे कोणाला काही वाटायचं नाही. बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत होता आणि मंडळातलं कोणी आतल्या खोलीत कधी गेलं नव्हतं. ओळख झाल्यावर सहा वर्षांनी, एका रविवारी बाकीचे उठून गेल्यावर, अकी साफ करता करता त्याने मला आपणहून सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं. वडील पोस्टात कारकून. सुधीर चौथीत असताना मास्तर हजेरीला त्याचं आडनाव घेऊन थांबायचे आणि वर्ग हसेपर्यंत पुढचं नाव घ्यायचे नाहीत. वडिलांनी मग आडनाव बदललं आणि गावाचं नाव लावलं. "ज्या गावानं आम्हाला विहिरीवर येऊ दिलं नाही, त्याच गावाचं नाव लावून फिरतो मी," तो हसत म्हणाला, "आणि आता सगळ्या शहराचं पाणी तपासतो." माझे डोळे भरून आले होते, हे खरं आहे. पण माझ्यातल्या संपादिकेने ते वाक्य तिथल्या तिथे उचलून ठेवलं, हेही तितकंच खरं आहे. मंडळाचा दिवाळी अंक तेव्हा मीच काढत असे.

वाक्य मी चार-पाच वर्षं सांभाळलं. मग एका वर्षी अंकाला मजकूर कमी पडला. आपल्या मंडळात नुसत्या रेसिप्या आणि प्रवासवर्णनंच का यावीत, काहीतरी धीट यावं, असं मला वाटलं. मी सुधीरवर लेख लिहिला. मथळा दिला, 'वस्ती ते व्हाइट कोट'. आज तो मथळा आठवला तरी अंग आकसतं. त्याचं मूळ आडनाव छापलं. इथे लिहीत नाही. विहिरीचं वाक्य चौकटीत घातलं. मला तो पूर्णपणे प्रेमाचा लेख वाटत होता, आणि सुधीरला सरप्राइज द्यायचं म्हणून मी त्याला सांगितलं नाही.

अंक निघाल्यावर कोणी काही वाईट बोललं नाही. आमची माणसं सुशिक्षित. उलट कौतुक झालं. एक काकू सुनंदाला म्हणाल्या, तुमच्याकडे बघून अजिबात वाटत नाही हो. त्यांना ती शाबासकी वाटत होती. पुढच्या पॉटलकला सुनंदाने भरून आणलेलं वांग्याच्या भाजीचं पातेलं जवळजवळ तसंच परत गेलं. सगळ्यांची पोटं नेमकी त्या टेबलापाशी आल्यावर भरत होती. तिच्या चकल्यांसाठी दर दिवाळीला महिनाभर आधी फोन यायचे. नव्या वर्षाच्या पहिल्याच बैठकीत समितीने ठरवलं की बायकांवर भार नको, पुढच्या दिवाळीचा फराळ केटररकडून मागवावा. मी समितीत होते. मीही हात वर केला.

पण सुधीरला लागलं ते हे नव्हतं. हे त्याने जन्मभर पाहिलेलं होतं. अंक घरी पोचला त्या आठवड्यात त्याचा फोन आला. त्यांची मुलगी मित्रा तेव्हा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला मंडळातल्या मैत्रिणीने शाळेत विचारलं होतं, कोटा म्हणजे काय, आई म्हणते तुझे डॅड कोट्यातून आले. मित्राला आपण बौद्ध आहोत एवढं माहीत होतं. बाकीचं तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. घरी येऊन तिने अंक पुढ्यात ठेवला, आणि धड वाचता येत नाही म्हणून बापाकडूनच तो लेख वाचून घेतला.

"मित्राला मी सांगणार होतो, ताई," सुधीर म्हणाला. "डिसेंबरात. नागपूरला नेऊन, आजीच्या घरी बसून, दीक्षाभूमी दाखवून. तिकिटं काढलीत."

मी त्यावर म्हटलं, "अरे, पण मी कौतुकच केलंय ना तुझं."

तो म्हणाला, "मी तुम्हाला सांगितलं होतं. मंडळाला नव्हतं सांगितलं." आणि शांतपणे फोन ठेवला.

त्या वेळी माफी मागायला मला चार घरं चालायची होती. मी गेले नाही. आधी वाटलं, त्याचा राग उतरू दे. मग वाटलं, आपण एवढं चांगल्या हेतूने केलं, त्याने समजून घ्यायला नको का? मग घरच्यांना सांगायला लागले की हल्ली लोक फार सेन्सिटिव्ह झालेत. हे शब्द माझेच आहेत, कोणा काकूंचे नाहीत. रविवारी सकाळी त्यांच्या परसातून मासा तळल्याचा वास यायचा आणि मी खिडकी लावून घ्यायचे. सहा महिन्यांत नवऱ्याची नोकरी बदलली, आम्ही कॅरीला आलो, आणि अंतराचं एक सोयीस्कर कारण मिळालं. दर दिवाळीला मी फोन उचलायचे. नंबर काढायचे. यंदा नको, पुढच्या वेळी तिकडे गेलो की समोरासमोर बोलू, असं म्हणून ठेवून द्यायचे... अशा चार दिवाळ्या काढल्या.

सुधीरच्या पुण्यानुमोदनाला, त्या बौद्ध स्मरणविधीला, मी मिरामारला गेले. न बोलावता गेले. मंडळातून दोघंजण आले होते आणि पार्किंगचं निमित्त काढून लवकर निघाले. बाहेरच्या खोलीत बुद्धाशेजारी आता बाबासाहेबांचा फोटो होता आणि मध्ये सुधीरचा. मित्रा पांढरी साडी नेसून त्रिशरण म्हणत होती. स्पष्ट, न अडखळता. डिसेंबरात ते नागपूरला गेले होते, हे मला तिच्याकडे बघून समजलं. फोटोखाली त्याची जन्मतारीख होती. मी ती दोनदा वाचली. सुधीर माझ्याहून दीड वर्षाने मोठा होता. दहा-अकरा वर्षं मी एका मोठ्या माणसाला 'अरे' म्हणत होते आणि तो मला 'ताई, तुम्ही' म्हणत होता, आणि ही वाटणी वयाने झाली नव्हती.

मागच्या परसात मिस व्हर्ना खुर्ची टाकून झाडाखाली बसल्या होत्या. आता त्या चालायला वॉकर घेतात. मला ओळखलं, पण हसल्या नाहीत. झाडावर फळं होती, काही उकललेली, बरीचशी बंद. त्या म्हणाल्या, मिस्टर सुधीर गेला त्या सकाळीही टोपली घेऊन इथेच उभा होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तेव्हा त्यांनी हाताने थांबवलं आणि आत बोट दाखवलं. जे काय बोलायचं ते आत जाऊन बोल.

आत सुनंदा स्वयंपाकघरात एकटी होती. वाटेत मी पाठ केलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "सुनंदा, माझं चुकलं. मी त्याला सांगायला हवं होतं." ती रडली नाही, मला जवळही घेतलं नाही. "हो," म्हणाली. मग तिने फ्रीझर उघडला आणि मागच्या कोपऱ्यातून एक पिशवी काढून ओट्यावर ठेवली. वर माझं नाव होतं, 'नीलाताई'. तारीख या वर्षीची, उन्हाळ्यातली.

"तेच दर वर्षी भरायचे," सुनंदा म्हणाली. "नवा बहर आला की जुनी पिशवी टाकून द्यायचे आणि नवी भरायचे. मी म्हणायचे, अहो, मी फोन करते ना नीलाताईंना, त्यांना संकोच वाटत असेल. तर म्हणायचे, नको. त्यांना ओढून आणू नको. आपणहून येतील."

सुनंदाने पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळली, बर्फाच्या डब्यात ठेवली आणि विमानात कशी न्यायची ते मला नीट समजावून सांगितलं. क्षमा केली असं ती म्हणाली नाही. तिने तसं म्हणावं अशी अपेक्षा करण्याचा हक्क मी कधीच गमावलाय.

पिशवी माझ्या फ्रीझरमध्ये आहे. नवरा विचारतो, करायची का एकदा भुर्जी. मी नको म्हणते. मटार काढायला दार उघडलं की ती समोर येते, आणि मार्करचं ते किरटं, नेटकं अक्षर रोज वाचावं लागतं. चार वर्षं तो माझी वाट बघत होता, आणि मी मात्र तो गेल्यावर पोचले. नावाखाली तारीख आहे, आणि तारखेखाली त्याने नेहमीचंच लिहून ठेवलं आहे... झाडावर उघडलेली. खायला हरकत नाही.